भिंतीचे माप

१९५२ साली सौंदर्यस्पर्धा जिंकलेल्या इंदुमती वेलणकर पुढे नगरपालिकेच्या सदस्य झाल्या, तरी गावाच्या लेखी त्या फीत लावून मोजलेली बाईच राहिल्या. त्यांची मापे वर्तमानपत्रात छापून आली, तेव्हापासून वडिलांनी बाजारात जाणे सोडले होते.

मुलींच्या नव्या शाळेच्या भिंती ठरल्यापेक्षा पातळ आहेत, असे इंदुमतींनी नगरपालिकेच्या सभेत सांगितले. जूनपासून तिथे वर्ग भरणार होते, आणि बांधकामाचा ठेका नगराध्यक्ष आबासाहेबांच्या जावयाकडे होता.

"बाई," आबासाहेब म्हणाले, "मापांतलं तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळणार."

सभागृह हसले. इंदुमतींची मान खाली गेली. ती वर झाली तेव्हाही चेहरा लालच होता.

"कळतं, आबासाहेब. मला चारचौघांत उभं करून मोजलं, आकडे छापले. लाज वाटली, पण ते खोटे आहेत असं कुणाला म्हणता आलं नाही. भिंतही तशीच मोजू या. सगळ्यांसमोर, आत्ता."

"आज नको. एवढी घाई कशाला?"

"मला मोजताना मीही 'आज नको' म्हटलं होतं," इंदुमती म्हणाल्या. "कुणी ऐकलं नव्हतं."

मघाशी हसलेले सदस्य एकमेकांकडे न पाहता उठले आणि शाळेकडे निघाले.