पहिल्या नंबरचं लेणं

“दोन्हींत पहिली कुठली, भंतेजी?”

“तूच सांग. तुला ठाऊक आहे.”

सुमेध हसला. दोन मोठ्या नावाजलेल्या संस्थांनी त्याला प्रवेश दिला होता. संध्याकाळपर्यंत एकीला होकार कळवायचा होता. त्याआधी पाया पडून ये, म्हणून आईने त्याला डोंगरावरच्या लेण्यात पाठवलं होतं. म्हातारे भंते तिथे एकटेच राहत.

“उत्तरेतली पहिली,” तो म्हणाला. “क्रमवारीत कायम वर. तिथली मुलं झोपतच नाहीत. ग्रंथालय रात्रभर भरलेलं.”

“आणि दुसरी?”

“तिथे झोपतात. म्हणून तर ती दुसरी.”

“आई काय म्हणते?”

“दुसरीत जा म्हणते. पोरगा वेळेवर जेवतो, वेळेवर निजतो, एवढं तिला पुरे... तिला नंबरातलं काय कळतं!”

भंते काठी टेकत उठले.

“चल.”

लेण्याच्या आत, उजेड जिथे संपतो तिथे, भिंतींत लहान लहान खोल्या कोरलेल्या होत्या. प्रत्येकीत एक दगडी ओटा.

“हेही विद्यापीठच होतं, बाळा. फार लांबून मुलं यायची. याच्या वर दुसरं नाही, असं म्हणायची.”

“नाव काय होतं?”

“ते आता कुणालाच माहीत नाही.”

सुमेध एका खोलीत शिरला. ओट्यावर बसून त्याने पाठ टेकली. भिंतीत पाठीएवढा खळगा पडला होता. त्याची पाठ त्यात नेमकी बसली.

शेजारच्या खोलीतून कुणीतरी हळूच विचारलं,

“तुझं किती झालं?”

परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलं विचारतात, तसंच. सुमेधच्या तोंडून सवयीने निघून गेलं,

“सगळं. दोनदा.”

...

मग शेजारी पुटपुट सुरू झाली. पाठांतराची. मग पलीकडच्या खोलीत. मग समोरच्या. घाईघाईने, एकमेकांना मागे टाकत... अंधारातल्या साऱ्या खोल्या पाठ म्हणू लागल्या.

सुमेध धडपडत बाहेर आला. त्याने शेजारच्या खोलीत वाकून पाहिलं.

ओटा रिकामा होता. आवाज तिथूनच येत होता.

“भंतेजी... कोण आहेत हे?”

भंते एकेका खोलीत जात होते. वाकून रिकाम्या ओट्यावर हलकेच थोपटत होते, तान्ह्या मुलाला थोपटतात तसे. एका खोलीतला आवाज जरा मंद व्हायचा. तेवढ्यात दुसरीतला चढायचा.

“मी... मी नुसतं उत्तर दिलं, भंतेजी.”

ते पुढच्या खोलीकडे वळले.

“भंतेजी, मी संध्याकाळी काय कळवू?”

भंतेंनी मागे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

“किती वर्षांनी डोळा लागला होता रे त्यांचा...”