ज्योत हलली

त्या राज्यात फक्त दिवे राहत होते, आणि दिव्यांच्या उजेडात जे दिसत नाही ते नसतंच, असा तिथला साधा समज होता. वारा दिसत नाही. म्हणून त्या राज्यात वारा नव्हता. तो खिंडीतून रोज यायचा, वस्तीभर हिंडायचा आणि नदीकडे निघून जायचा, पण त्याला नाव नव्हतं. ज्याला नाव नाही त्याच्यावर आळही घेता येत नाही.

ज्योती मात्र हलायच्या, आणि त्याचं कारण सगळ्यांना पाठ होतं. ज्योत म्हणजे मन. मनात पाप असलं की ती हलते. खाई त्याला खवखवे. हे वाक्य न्यायाच्या पारावर दगडात कोरलेलं होतं आणि लहान पणत्यांना पहिली वात मिळायच्या आधी ते घोकून घेतलं जायचं.

कंदिलांना काच असते, त्यामुळे त्यांच्या ज्योती कधीच हलत नसत. साहजिकच राज्यातले सगळे न्यायाधीश आणि सगळे कारभारी कंदील होते. यात कोणी कट केला नव्हता. स्थिर ज्योतीच्या दिव्याला मोठी जागा द्यावी आणि थरथरणाऱ्याला देऊ नये, इतकी सरळ गोष्ट होती ती. काच नसलेले गोरगरीब दिवे खिंडीच्या तोंडाशी राहत, कारण दुसरीकडे त्यांना कोणी जागा देत नसे. खिंडीच्या तोंडाशी राहणाऱ्यांच्या ज्योती राज्यात सर्वांत जास्त हलत. म्हणून ती वस्ती बदनाम होती, आणि बदनाम वस्तीतल्या दिव्यांना दुसरीकडे जागा कोण देणार?

एके दिवशी वातींची वखार जळाली. कापसाच्या वातींचे गठ्ठेच्या गठ्ठे, पेटायला कितीसा वेळ लागतो. आत समईची पणती होती. ही समई देवळातली, पाच वातींची. तिच्यासमोर कंदीलसुद्धा आवाज खाली करून बोलायचे. पणती तिची पोटची नव्हती. कोणीतरी पायरीवर सोडून गेलं होतं, आणि समईने तिला आपल्या तेलावर वाढवलं होतं. त्या दिवशी तिनेच पोरीला वाती आणायला पाठवलं होतं. आग विझल्यावर राखेत मातीचा एक काळा तुकडा सापडला. समईने तो आपल्या पायाशी ठेवून घेतला. गाभारा सोडून ती देवळाच्या ओट्यावर, उघड्यावर येऊन बसली आणि कोणी कितीही समजावलं तरी आत गेली नाही.

असं दुःख रस्त्यावर येऊन बसलं की राज्याला गुन्हेगार लागतो, आणि लवकर लागतो.

वखारीच्या दारात टांगलेल्या लामणदिव्याने सांगितलं की त्या दुपारी तिथे एक चिमणी आली होती. पत्र्याची, रॉकेलवर जळणारी, खिंडीकडची. वात मागत होती. तिला हाकलून दिलं तेव्हा ती काहीतरी पुटपुटत गेली. काय पुटपुटली ते लामणदिव्याला ऐकू आलं नव्हतं, पण चांगलं नसणार, असं त्याला वाटलं. वखारीच्या भिंतीवर काजळीही सापडली. जळलेल्या भिंतीवर काजळी असतेच, हे ज्यांच्या लक्षात आलं ते गप्प बसले. चिमणीच्या अंगावर तर काजळी होतीच. चिमणीच्या अंगावर नसेल तर कोणाच्या असेल!

खटला थोरल्या कंदिलापुढे आला. तो वाईट नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे ते कोणाला पटणार नाही. त्याने कधी कोणाचं तेल खाल्लं नव्हतं, ओळखीपाळखीने निकाल दिला नव्हता, आणि आरोपीवर तो कधी ओरडत नसे. न्याय उघड्यावर व्हावा असा दंडक असल्यामुळे न्यायाचा पार खिंडीसमोरच्या उंचवट्यावर बांधला होता, चारही बाजूंनी मोकळा. आरोपीने मधोमध उभं राहायचं, न्यायाधीशाने एकच प्रश्न तीनदा विचारायचा आणि सगळ्यांनी ज्योतीकडे पाहायचं.

"वखार तू पेटवलीस का?" थोरल्या कंदिलाने विचारलं.

"न्हाई, मायबाप. म्या वात मागाया गेल्ते. न्हाई दिली, घरला आले."

ज्योत हलली. गर्दीतून हुंकार उठला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती आडवीच झाली. तिसऱ्यांदा तर विझता विझता राहिली.

"पाहिलंस?" थोरला कंदील म्हणाला. त्याच्या आवाजात वाईट वाटल्याची छटा होती, आणि ती खोटी नव्हती.

"मायबाप, ही रोजच हलती," चिमणी म्हणाली. "तेल मागताना हलती, हसताना हलती. म्या निजले तरी हलतीच."

"म्हणजे रोजच काहीतरी करत असशील," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. समई हसली नाही. ती त्या ज्योतीकडे टक लावून पाहत होती.

शिक्षा ठरलेली होती. जीव घेणाऱ्याला विझवायचं.

निकाल देऊन थोरला कंदील घरी गेला आणि रोजच्याप्रमाणे काच पुसायला बसला. कंदिलांच्या घरात काच पुसताना दारं-खिडक्या लावून घ्यायची रीत होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं. वाडवडील करत आले म्हणून करायचं. त्या दुपारी तो खिडकी लावायला विसरला. काच उतरवली आणि त्याची ज्योत हलली.

तो घाबरला. जन्मात पहिल्यांदाच आपली ज्योत हललेली पाहून त्याने आधी आपलं काय पाप आहे ते आठवायला सुरुवात केली, आणि शोधलं की सापडतंच, तशी दोन-चार सापडलीही. त्याने काच घातली. ज्योत सरळ झाली. काढली, हलली. मग त्याची नजर खिडकीकडे गेली. त्याने खिडकी लावून काच काढली. ज्योत सरळ होती. खिडकी उघडली. हलली. आपली पापं खिडकीबरोबर उघडमीट करत नाहीत, एवढं त्याला कळत होतं. मग त्याला चिमणीची ज्योत आठवली, तिच्या आधीच्या सगळ्यांच्या ज्योती आठवल्या, आणि तो खिडकी लावून कितीतरी वेळ नुसता बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पितळी कंदिलाकडे गेला. हा म्हातारा राज्यातला सर्वांत जुना न्यायाधीश. निकाल द्यायला थोरल्या कंदिलाला त्यानेच शिकवलं होतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. खिडकी उघडून दाखव, असं तो म्हणाला नाही. कदाचित त्यालाही कधीतरी खिडकी लावायचा विसर पडला असेल.

"समजा, तुझं खरं आहे," तो म्हणाला. "मग आजवर ज्यांना विझवलं त्यांचं काय करायचं, ते आधी सांग."

"त्यांचं आता काय करता येणार?"

"मग हिचंच काय वेगळं करायचंय?" म्हातारा चिडला नव्हता. पोराला समजवावं तसा तो बोलत होता. "आणि काच उतरवून लोकांना दाखवायला जाशील, तर ते खिडकी बघतील होय रे? ते तुझी ज्योत बघतील."

तिथून तो देवळापाशी गेला. समई ओट्यावर तशीच बसली होती, पायाशी तो मातीचा तुकडा. तिच्या पाचही ज्योती हलत होत्या.

"समईआई, तिने केलंच नसेल तर?"

"मग कोणी केलं?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. काहीतरी बाहेरून येतं, ज्योतीला ढकलतं; त्या दिवशी वखारीत तेच शिरलं असेल, पोरीचीच ज्योत गठ्ठ्यावर गेली असेल; नक्की काय ते त्यालाही ठाऊक नाही. चिमणीनेच पेटवलं नसेल असंही तो छातीठोकपणे सांगू शकत नव्हता. ते आजतागायत कोणालाच कळलेलं नाही.

"दाखव मला ते," समई म्हणाली.

"ते दिसत नाही."

"मग माझं लेकरू का जाळलंस, म्हणून मी कोणाला विचारू? त्या चिमणीला निदान तोंड तरी आहे." तिने पायाशी ठेवलेला तुकडा जवळ ओढला. मग हळूच म्हणाली, "ती गेल्यापासून माझ्याही ज्योती हलतात. मला कोणी विचारत नाही. म्हणतात, बिचारीला दुःख झालंय. मीच पाठवलं होतं रे तिला वाती आणायला."

तिने तोंड फिरवलं. थोरला कंदील परतला.

शिक्षेच्या दिवशी पारापाशी सगळं राज्य लोटलं. दोन मशालींनी चिमणीला मधोमध आणून उभं केलं. विझवण्याचा अधिकार कोणा एकाकडे नसे, म्हणजे कोणा एकाला पाप लागत नसे. आरोपीवर काचेची एक मोठी बरणी पालथी घालायची आणि सगळ्यांनी बघत राहायचं. काच अशासाठी, की काहीही लपूनछपून झालं असं कोणी म्हणू नये.

"काही सांगायचंय?" थोरल्या कंदिलाने विचारलं. विचारायची रीत होती.

"मायबाप, अजून वीतभर वात हाय माझ्यात," चिमणी म्हणाली. "वीतभर."

थोरल्या कंदिलाचा हात आपल्या काचेच्या कडीवर गेला. कडी सरकवायची, काच वर करायची आणि म्हणायचं, बघा, माझीही हलते. एवढंच करायचं होतं. खिंडीकडून त्या वेळी ते चांगलं जोरात येत होतं. पण समोर एवढी गर्दी होती, आणि तिच्यातल्या प्रत्येकाला ते दगडातलं वाक्य पाठ होतं. अनेकांनी ते त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. त्याला भीती वाटली. यापेक्षा मोठं कारण शोधायची गरज नाही. त्याने हात खाली घेतला आणि मशालींना खूण केली.

बरणी खाली आली आणि चिमणीची ज्योत सरळ झाली.

ती इतकी सरळ झाली की पुढच्या रांगेतले दिवे एक पाऊल मागे सरले. काडीइतकीही हालचाल नव्हती. कोणत्याही कंदिलाची ज्योत याहून स्थिर नसेल. चिमणी आपल्याच ज्योतीकडे मान वर करून पाहत होती. तिनेही ती अशी कधी पाहिली नव्हती. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण बरणीबाहेर आवाज येत नव्हता.

"पश्चात्ताप झाला बघा तिला," कोणीतरी म्हणालं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काहींनी डोलावल्या नाहीत.

अजून वेळ होता. थोरल्या कंदिलाला तो नेमका कळत होता, कारण बरणीत आणि त्याच्या काचेत फरक एवढाच होता की त्याच्या काचेला खाली हवेसाठी बारीक भोकं होती. बरणी उचला, असं त्याने म्हटलं असतं तरी पुरलं असतं. ज्योत अंगठ्याएवढी झाली, मग नखाएवढी. शेवटपर्यंत ती हलली नाही. मग नव्हतीच.

मशालींनी बरणी उचलली. आत कोंडलेला धूर बाहेर पडला, दाट, काळा, रॉकेलचा. तो वर गेला नाही. आडवा होऊन गर्दीवरून नदीच्या दिशेने निघाला. पुढच्या रांगेतल्या पणत्यांवरून तो गेला तेव्हा त्या सगळ्यांच्या ज्योती नदीकडे कलल्या. मग मागच्या रांगेतल्या. मग लामणदिव्याची कलली. दिवे आधी धुराकडे आणि मग एकमेकांकडे पाहू लागले. धूर समईपाशी आला, आणि तिच्या पाचही ज्योती एकदम, त्याच बाजूला झुकल्या.

समईने धूर जिकडून आला होता त्या खिंडीकडे पाहिलं. मग पारावरच्या विझलेल्या चिमणीकडे पाहिलं. मग थोरल्या कंदिलाकडे. काचेच्या आत त्याची ज्योत सरळ उभी होती.