फुटलेल्या तलावाची साक्ष

एकदा एका नगरीचा तलाव भर दुपारी फुटला. बांधाखालची कुंभारआळी पाण्याने धुऊन नेली; सदतीस माणसे गेली. त्यांत चिंतामणची धाकटी बहीण वेणूही होती. चिंतामण नगरीतल्या वृद्ध आचार्यांचा शिष्य, तर्कशास्त्रात सर्वांच्या पुढे. पण बहिणीला अग्नी देऊन आल्यापासून त्याला एकच प्रश्न छळत होता : हे कोणी केले?

उत्तर चावडीवर तयार होते. राजाला कुंभारआळीच्या जागी बाग हवी होती. म्हणून प्रधानाने माणसे धाडून बांध फोडला, आणि तलावाचा राखणदार रायाजी त्या कटात सामील होता. नाही तर बांधावर असून तो एकटाच कसा वाचला?

त्याच सुमारास देशोदेशी फिरणारा एक व्यापारी नगरीत उतरला होता. तो म्हणाला, "अहो, राज्यकर्ते सगळीकडचे सारखेच. समुद्रापलीकडे लोक म्हणतात, देवीच्या रोगाची साथ राणीनेच पसरवली. डोंगरापलीकडे म्हणतात, टोळधाड दरबारानेच बोलावली." ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. चिंतामणला तर पुरावाच मिळाला.

आचार्यांनी मात्र व्यापाऱ्याला एवढेच विचारले, "मग तिथे शिक्षा कोणाला झाली?"

व्यापारी जरा घुटमळला. "समुद्रापलीकडे दोन परदेशी वैद्यांना लोकांनी ठेचून मारले. राणीला? छे, राणीला काय होणार!"

घरी परतताना आचार्य शिष्याला म्हणाले, "न्यायसभेतल्या चौकशीत साक्ष देण्याआधी एकदा रायाजीला भेट."

"कटातल्या माणसाला भेटून काय करू?" चिंतामण म्हणाला, आणि गेला नाही.

चौकशीच्या दिवशी न्यायसभा तुडुंब भरली. चिंतामण उभा राहिला आणि असा बोलला, की बायामाणसे हुंदके देऊ लागली. त्याने प्रधानाचे नाव घेतले, रायाजीचे घेतले. त्याचे बोलून होईपर्यंत प्रधान थांबला, मग शांतपणे म्हणाला, "बांध फोडणारी माणसे तू पाहिलीस?"

"सारी नगरी सांगते आहे."

"तू पाहिलीस का? कोणत्या वाटेने आली? हातात काय होते?"

प्रधानाने साक्षीदार उभे केले. त्या दिवशी माती-दगडाचे काम करणारे राज्याचे झाडून सारे बेलदार दोन कोसांवरच्या देवळाच्या कामावर होते. शेकडो लोकांनी त्यांना पाहिले होते. न्यायाधीश म्हणाले, "कटाचा आरोप खोटा ठरला. चौकशी समाप्त." आणि ते उठले.

दाराशी रायाजी उभा होता. आदल्या दिवशी कोणी भिरकावलेल्या दगडाने कपाळ फुटले होते, त्यावर फडके बांधलेले. बोलण्यासाठी तो सकाळपासून थांबला होता, पण त्याचे नाव कोणी पुकारलेच नाही. बाहेर पडणारी गर्दी त्याच्यावर थुंकत होती. त्याच गर्दीतून ऐंशी वर्षांचे आचार्य पुढे झाले, कष्टाने वाकले आणि त्यांनी रायाजीच्या पायांवर डोके ठेवले.

चिंतामणच्या अंगाचा तिळपापड झाला. "आचार्य, माझ्या बहिणीच्या मारेकऱ्याचे पाय धरता?"

आचार्य त्याला चिंचेखाली घेऊन गेले. "काल मी याला भेटलो. तीन पावसाळे हा प्रधानाच्या कचेरीत सांगत होता, बांधाच्या पायथ्याचा पाझर गढूळ झालाय, आतली माती वाहून चालली आहे. तिन्ही वेळा 'बघू' म्हणून त्याला परत धाडले. आज तो हेच सांगायला आला होता; मला वाटले, न्यायसभा त्याचे ऐकून घेईल. आपण कटाचा आरोप केला, आणि कट नव्हता हे दाखवणे त्यांना सोपे गेले. त्या 'बघू'चा जाब मात्र राहून गेला. तू प्रधानाला दोषी ठरवायला गेलास आणि निर्दोष ठरवून आलास."

"पण एवढी माणसे... नुसत्या 'बघू'ने?"

"तेच सोसवत नाही, बाळा. कट असता, तर मारणाऱ्याने निदान वेणूचा विचार तरी केला असता. तिचा विचार कोणीच केला नव्हता. राजावर संशय घे, अवश्य घे. पण संशयालाच उत्तर समजलास, की विचारणे थांबते. आणि त्यांना तेवढेच हवे असते."

पुढल्या आठवड्यात त्याच कचेरीने तीच माती लोटून बांधाचे भगदाड बुजवले. रायाजीची चाकरी गेली. लोकांनी त्याच्या झोपडीचे छप्परही जाळले होते.

चिंतामण त्या झोपडीशी जाऊन उभा राहिला. रायाजीच म्हणाला, "तुमच्या बहिणीला हाक मारली होती मी. बांधावरूनच ओरडत आळीच्या दिशेने धावलो. पाण्याचा आवाज लई मोठा होता, दादा."

चिंतामण तिथेच मातीत बसला. मग त्याने विचारले, "पाझर गढूळ झालेला पहिल्यांदा कधी दिसला?"

रायाजी त्याच्याकडे पाहत राहिला. हे त्याला आजवर कोणी विचारले नव्हते.