बाळंतिणीची उतरण

करंबवाडीच्या वरच्या अंगाला डोंगराची एक उतरण आहे. खालून पाहिलं तर ती मधे जरा दबलेली दिसते, कुणी कुशीवर निजावं तशी. तिला बाळंतिणीची उतरण म्हणतात. पाहुण्यांना ती दाखवताना वाडीतले भागोजी ढेबे आधी खाली बसतात, आणि मग सावकाश सांगू लागतात.

फार पूर्वी, म्हणे, एका आषाढात इथे दरड सुटली आणि अर्धा डोंगर खाली आला. ठकाई नावाच्या बाईचं घर, नवरा, गोठा, सगळं त्याखाली गेलं. ती तेवढी म्हशींमागे पलीकडच्या माळावर होती. मागे उरला तो उघडा, लालभडक मुरूम. भुकेपोटी लोकांनी त्यातच नाचणी पेरली. रोपं वीतभर वाढून पिवळी पडली, आणि पुढच्या पावसात उरलीसुरली मातीही ओढ्याला गेली. खालचा झरा गढूळला, मग आटला.

असं सांगतात, की एका दुपारी ठकाई त्या मुरमाला कान लावून पडली होती. तिचा डोळा लागला. खालून कण्हणं ऐकू आलं, थकलेल्या बाईचं, आणि आपण संथपणे वरखाली होतोय असं तिला वाटलं. जागी झाली ती तडक देवराईत गेली. तिथली काडीसुद्धा उचलायची नाही, अशी रीत. तिनं देवीपुढे पदर पसरला, मूठभर काळी माती मागून घेतली, आणि बोलली, की उतरण पुन्हा नांदती होईपर्यंत नाचणी तोंडात घालणार नाही.

ती माती तिनं मुरमावर विखुरली. गवताचं बी टाकलं, शेण, पालापाचोळा वाहून नेला. पुढच्या वर्षी तिचा दीर राणोजी नांगर घेऊन आला. घरात पोरं उपाशी होती, त्याचंही काही चुकत नव्हतं. ठकाई बैलांपुढे आडवी झाली.

"बाळंतिणीला कुणी औताला जुंपतं का, भावजी?" एवढंच ती म्हणाली.

राणोजीनं बैल सोडले. ते वर्ष सगळ्यांनी कंदमुळांवर काढलं.

मग गवत धरलं, गवताखाली गांडुळं आली, पुढे कारवी. कारवी फुलली, वाळली, सात वर्षांनी पुन्हा फुलली. ठकाईचे केस पांढरे झाले. पाऊस आता उतरणीवरून धावत नव्हता, आत मुरत होता. एका उन्हाळ्यात झरा आपसूक वाहू लागला, नितळ. तेव्हा राणोजीनं हलक्या हातानं एक पट्टा नांगरला. नाचणी कमरेएवढी झाली. ठकाईला दात उरले नव्हते. त्यानं भाकरी दुधात कुस्करून तिला भरवली. ती डोळे मिटून खूप वेळ तो घास घोळवत राहिली, म्हणे.

आजही उतरणीचा एखादाच पट्टा पिकवतात आणि मग त्याला निजू देतात. किती वर्षं, हे ठरलेलं नाही. पेरणीआधी वाडीतली सर्वांत म्हातारी बाई वर जाते, मूठभर माती उचलून हुंगते. बहुतेक वेळा ती माती जागच्या जागी ठेवते, वर पाला सारखा करते, आणि राणोजीच्या घरचे लोक बैल घेऊन मुकाट खाली उतरतात.