तेलीआळीचे घाणे

पूर्वी समुद्रकाठच्या शूर्पारक नगरात राजा सुतनु राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील श्रेष्ठीच्या कुळात जन्मले होते. बंदरावरच्या वखारी त्यांच्या होत्या आणि परदेशी गलबतांचा माल त्यांच्याच हातून नगरात जाई. एवढ्या वैभवात माणसाची मान जरा ताठतेच. यांची ताठली नव्हती, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्याच नगरात, तेलीआळीत, नंदुत्तरा नावाची विधवा तेलीण राहत असे. एक घाणा, ढवळा नावाचा एक बैल आणि फटकळ जीभ, एवढाच तिचा संसार. तिळाचे तेल ती विकी आणि उरलेली पेंड गवळीवाड्याला देई. तिकडून तिच्या घरी दूध येई. साऱ्या आळीची हीच रीत होती.

एके वर्षी पाऊसकाळ सरताच दूरदेशीच्या एका व्यापारी संघाची गलबते बंदराला लागली. या संघाच्या पेढ्या कितीतरी किनाऱ्यांवर होत्या. त्याचा नायक केतुमाल मोठा गोडबोल्या होता, आणि त्याच्या सुबक बुधल्यांतले तेल घाण्याच्या तेलापेक्षा निम्म्या दराने मिळू लागले. लोकांनी ते घेतले. त्यांना तरी दोष कसा द्यावा? स्वस्त दिसले की हात तिकडेच जातो. तेलीआळीत मात्र एकेक घाणा थांबू लागला.

केतुमाल बोधिसत्त्वांकडे येऊन म्हणाला, "श्रेष्ठी, या साऱ्या किनाऱ्याची विक्री तुमच्या हाती देतो. तेवढे ते जुने घाणे विकत घ्या आणि चुलीत घाला."

बोधिसत्त्वांनी विचारले, "तुमच्या तेलाची पेंड कुठे असते?"

"आमच्या देशी. आमची गुरे खातात."

"म्हणजे तेल इकडे येते आणि दूध तिकडेच राहते. शिवाय पावसाळ्यात समुद्र बंद झाला की तेलही येणार नाही. मला ही विक्री नको, नायक."

केतुमाल हसला आणि दुसरा विक्रेता शोधायला गेला. तो त्याला लगेच मिळाला.

इकडे नंदुत्तरेने ढवळ्याला विकून भावाच्या गावी जायचे ठरवले होते. गिऱ्हाईक दारात उभे होते, आणि ती त्याच्या हाती दावे देत होती. तेवढ्यात बोधिसत्त्व तेथे आले.

"बाई, घाणा कोरडा पडला की लाकूड तडकते," ते म्हणाले. "आळीतले सगळे घाणे माझ्या वखारीत मांडा. तीळ माझे, काम तुमचे, मजुरी रोजच्या रोज. तेल रांजणांत भरून ठेवू, पेंड गवळीवाड्यात जाऊ दे."

"आणि एवढे तेल पिणार कोण? तुम्ही?" नंदुत्तरा उसळली. "मला भीक नको, श्रेष्ठी."

"भीक नव्हे. पुढे पावसाळा आहे."

तिने दावे मागे ओढून घेतले. ढवळ्यासाठी राहिले, असे ती मनाला सांगत राहिली.

हिवाळा गेला, उन्हाळा आला. वखारीत घाणे फिरत होते आणि विकत कोणी काही घेत नव्हते. "श्रेष्ठींनी बैलांबरोबर आपली अक्कलही घाण्याला जुंपली!" असे नगर म्हणे. "हसतील त्यांचे दात दिसतील," एवढे बोलून बोधिसत्त्व पुन्हा तीळ मागवत. त्यासाठी त्यांची शेते गेली, गलबते गेली. नंदुत्तरा हे सारे पाहत होती. हा माणूस वेडा तरी असावा, नाहीतर... पुढचा शब्द तिला सुचत नसे.

मग पावसाळा आला आणि समुद्र बंद झाला. शेवटच्या खेपेला उशीर झाल्याने केतुमालही नगरातच अडकला. बुधले संपत आले तसे त्याच्या विक्रेत्याने दर चढवत नेले, आणि एक दिवस बुधलेच उरले नाहीत. घरोघरी दिवे विझले. तान्ह्या बाळांना चोळायला तेल मिळेना. लोक भांडी घेऊन वखारीशी आले.

बोधिसत्त्व तेल्यांना म्हणाले, "तेल तुमच्या हातचे आहे. ते तुम्हीच विका, दरही तुम्हीच ठरवा."

"दहापट लावा!" नंदुत्तरा कडाडली. "गरज सरो, वैद्य मरो, असे वागले हे आपल्याशी. आता आपली पाळी!" सगळ्या तेल्यांनी माना डोलावल्या.

रांगेत पुढे एक गवळण होती. दुधाची चरवी पुढे करून ती म्हणाली, "वैनी, दर तुम्ही काहीही लावा. तुमच्या पेंडीवर माझ्या गाई जगल्या. तेल मिळो न मिळो, हे दूध तेवढं घ्या."

नंदुत्तरेने चरवी हातात घेतली. तिने बोधिसत्त्वांकडे पाहिले. त्यांच्या कानांतली कुंडलेही विकली गेली होती, आणि हे तिच्या आजच ध्यानात आले. "अगं बाई," ती पुटपुटली, "ज्याचं सगळं गेलं तो काही मागत नाही, आणि मी दहापट मागत्येय!" तिचे डोळे भरून आले. मापटे उचलून तिने जुन्याच दराने तेल ओतायला घेतले. इतर तेल्यांनीही तेच केले.

शेवटी केतुमाल आला. त्याच्या हातात त्याचाच रिकामा बुधला होता. "बाई, सांगशील तो दर देईन."

"दर सगळ्यांना एकच," ती म्हणाली. "आणि पुढल्या खेपेला तेल नको, तीळ आणा. पिळायला आम्ही आहोत."

त्याने खरोखरच तीळ आणले, आणि पुढे शूर्पारकाचे तेल त्याच्या गलबतांतून दूरदूर जाऊ लागले.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, जेतवन विहारात म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आनंद. केतुमाल म्हणजे परदेशाहून येऊन नुकताच भिक्षुसंघात आलेला तो भिक्षू. श्रेष्ठी मी होतो. आणि नंदुत्तरा म्हणजे रोज विहाराच्या दिव्यांत तेल घालून न बोलता निघून जाणारी ती म्हातारी उपासिका. त्या जन्मी लोक म्हणत, श्रेष्ठीने तेलिणीला तारले. पण तिने दहापट दर लावला असता, तर माझे सारे दान साठेबाजीच ठरले असते. तिचे उपकार मी विसरलेलो नाही. दान जिच्यामुळे दान राहते, ती कृतज्ञता."