मधली तार

कापडाची पेढी मुलांच्या स्वाधीन करून एकदा एक व्यापारी पत्नीसह देश पाहायला निघाला. त्यासाठी त्याने एक मोठी गाडी घरासारखी सजवून घेतली होती. आत पलंग होता, ओटा होता, पंखा होता आणि एक लहानसा फ्रिज होता. पत्नीला मधुमेह होता. तिचे इन्सुलिन त्या फ्रिजमध्ये राहत असे. इंजिनाची बॅटरी पुढे होती आणि घरातल्या या उपकरणांसाठी वेगळी बॅटरी मागे, पलंगाखाली. गाडी धावू लागली की इंजिनावर वीज तयार करणारा अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्या भरील, अशी योजना होती.

प्रत्यक्षात दिवसभर गाडी चालवूनही रात्री फ्रिज बंद पडे. एकदा इन्सुलिन वाया गेले. व्यापाऱ्याने मागे दुप्पट मोठी बॅटरी बसवून घेतली, तरी फरक पडला नाही. अशा अवस्थेत घाट चढून ते दोघे एका वृद्ध आचार्यांच्या आश्रमाशी आले. आचार्यांनी तरुणपणी पदार्थविज्ञान शिकवले होते. आता ते शिष्यांसह त्या टेकडीवर राहत.

व्यापारी तक्रार करीतच खाली उतरला. “गुरुजी, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी गाडी चालवतो. पाठ मोडून येते. हे सगळं हिच्यासाठीच ना? आणि ही म्हणते, घरी चला.”

पत्नी मागच्या दाराशी उभी होती. “मग काय म्हणू? गुडघ्यांमुळे मी दिवसभर मागे एकटी पडून असते. हे पुढून काहीतरी बोलतात, ते मला ऐकू येत नाही. मी बोलते ते यांना ऐकू येत नाही. आणि औषध पुन्हा नासलं तर या डोंगरात कुठे शोधायचं?”

आचार्यांजवळ एक तरुण शिष्य उभा होता. तो गोंधळला. दोघांचेही बोलणे त्याला खरे वाटत होते, आणि दोघांपैकी एकाचे तरी चुकत असले पाहिजे असेही वाटत होते.

आचार्यांनी मीटर आणायला सांगितले आणि गाडी सुरू करवली. पुढच्या बॅटरीवर काटा चौदा व्होल्टच्या पुढे गेला. मागच्या बॅटरीवर तो जेमतेम साडेबारापर्यंत चढला.

“मीटर बिघडलं असेल,” शिष्य म्हणाला.

“पुन्हा बघ.”

पुन्हा तेच दिसले. मग आचार्यांनी त्याला दोन बॅटऱ्यांमधल्या तारेच्या आवरणावर हात ठेवायला लावला. तार गरम लागत होती. आचार्यांनी इंजिन बंद करवले, तारेची दोन्ही टोके सोडवली, पक्कड मागितली आणि ती तार मधोमध तोडून टाकली.

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. “हे काय केलंत? एवढी एकच वस्तू धड होती. नवी तार होती ती, कुठे तुटलीसुद्धा नव्हती.”

शिष्यालाही काही उमजेना. जे बिघडले होते ते तसेच राहिले आणि जे शाबूत होते ते गुरुजींनी मोडले, एवढेच त्याला दिसले.

पाण्याच्या पंपाची जाड तांब्याची केबल आश्रमात शिल्लक होती. जुनी तार छतावरून वळसा घालून नेलेली होती. आचार्यांनी नवी केबल जवळच्या सरळ मार्गाने मागे नेली आणि दोन्ही टोकांना योग्य फ्यूज बसवले. गाडी पुन्हा सुरू झाली. आता मागचा काटा पुढच्याच्या जवळपास उभा राहिला.

चहा घेताना आचार्य म्हणाले, “शेठ, तुम्ही दिलंत हे खरं. वहिनींना मिळालं नाही, हेही खरं. दोघंही खरं बोलत होता, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं. इंजिन भरपूर देत होतं आणि बॅटरी घ्यायला तयार होती. उणीव मधल्या वाटेत होती. तार बारीक, शिवाय उगाच लांबलेली. ती तुटलेली असती तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. ती जोडलेली होती, म्हणून कुणी तिच्याकडे पाहिलं नाही. मागे पोहोचलं नाही ते नुसतं तार तापवण्यात गेलं.”

व्यापाऱ्याने कप खाली ठेवला. मग त्याने विचारले, “हे गाडीबद्दलच बोलताय ना, गुरुजी?”

“गाडी आता ठीक आहे,” आचार्य म्हणाले.

निघताना व्यापाऱ्याने पलंगावरची उशी आणि लोड उचलून पुढच्या आसनावर नीट मांडले. पत्नी म्हणाली, “माझे गुडघे आखडतात पुढे.”

“थांबत थांबत जाऊ. घाई कसली आहे?”

ती पुढे येऊन बसली.

गाडी वळणाआड गेली तरी शिष्य अंगणातच उभा होता. तिथूनच तो म्हणाला, “गुरुजी, तारेचं कळलं. बाकीचं मात्र अर्धवटच कळलं असं वाटतं.”

“मग तिकडे लांब उभा राहून काय विचारतोस?” आचार्य चटईवर थोडे बाजूला सरकले. “इथे येऊन बस. पुन्हा सांगतो.”

शिष्य जवळ येऊन बसला.