गफूर मिस्त्रीचा खारट रस्सा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात गफूर मिस्त्री शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं ट्यून करायचा. एका दुपारी रणधीरसाहेब तोऱ्यात आले. मागच्या शर्यतीत इंजिनात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडून त्यांच्या गाडीचा पिस्टन वितळला होता, आणि साहेबांनी खापर मिस्त्रीवर फोडलं होतं.

“या खेपेला इंजिनाचा धूर तपासणारा वाइडबँड सेन्सर बसवू,” मिस्त्री म्हणाला.

“मी जर्मनी बघून आलोय! गाडीतला साधा सेन्सर पेट्रोल कमी की जास्त ते सांगतो. बास झालं. मला शिकवू नकोस!”

जेवणाची वेळ होती. पाहुण्याला उपाशी कसं पाठवणार? मिस्त्रीनं डब्यातला तांबडा रस्सा वाटीत ओतला, पाठमोरा होऊन त्यात मीठ कालवलं आणि वाटी साहेबांपुढं ठेवली. पहिल्या भुरक्यालाच साहेब थुंकले.

“थू! किती खारट हे!”

“किती चमचे मीठ जास्त झालंय, साहेब?”

“खारट आहे एवढं कळतं. किती चमचे ते जिभेला काय माहीत?”

“मग तुमच्या साध्या सेन्सरची अक्कलबी तेवढीच. किती ते वाइडबँड सांगतो. आणि साहेब, रस्सा थुंकता तरी आला. वितळलेला पिस्टन कुठं थुंकणार? परत माझ्याच तोंडावर?”